दार उघडलं नाही त्याबद्दल

बाबा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही बोटीवर होतात तेव्हा आई सांगायची आणि मी लिहायचे, त्यानंतर तुम्हाला पत्र लिहायचं काही कारणच उरलं नाही. अक्षर अजून तसंच आहे, पाचवीतलं. कागद म्हणाल तर कंपनीने वाटलेला आहे. विषारी गॅसचा बॉम्ब पडला तर खिडक्या कशा बंद करायच्या ते एका बाजूला अरबीत आणि इंग्लिशमध्ये छापलंय. मला दोन्ही येत नाहीत, चित्रांवरून कळतं. दुसरी बाजू कोरी होती, तिच्यावर लिहितेय. मी सौदीत आहे, बाबा. धाहरानजवळ थुक्बा म्हणून वस्ती आहे, तिथे दुसऱ्या माळ्यावर राहते. तुमचे जावई तेलाच्या कंपनीच्या बसगाड्यांच्या गॅरेजात फोरमन आहेत. तुम्हाला नात आहे, अडीच वर्षांची. आणि इथे इराकशी लढाई चाललीय. सायरन वाजला की मी पोरीला घेऊन आतल्या खोलीत जाते, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावते, खिडकीला आधीच चिकटपट्टी मारलेली आहे, आणि तिच्या नाकावर ओली ओढणी धरते. ती ओढणी ओढून काढते आणि हसते, तिला तो खेळ वाटतो. मी कलमा म्हणते, तर माझे दात वाजत असतात.

आईला हे लिहिता येत नाही, ती आधीच रोज रडते म्हणे. यांना सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं, मी वेडी झालेले नाही.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर आपल्याकडचे दोघं आमच्याकडे जेवायला येतात. एक मुरुडचे शिंपीचाचा, साठीला आलेले. बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे, हल्ली अमेरिकन शिपाई त्यांच्याकडे वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवून घेतात. दुसरा खेडचा, यांच्याच गॅरेजात स्टोअर सांभाळतो, तिशीच्या आतला. मी आत किचनमध्ये असते, मध्ये पडदा. पडद्याखालून ताट सरकवायचं, रिकामं परत आलं की भरायचं. तोंडं कुणाची दिसत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. त्या शुक्रवारी सुरमई मिळाली होती, मी आपल्यासारखं सार केलं होतं, आणि बाहेर स्टोअरवाला चाचांना म्हणतोय, "चाचा, ते काळे शिपाई दुकानात येतात तुमच्या, गल्ला सांभाळा हां."

"कशाला? सलाम करून येतात. एक तर आईचा फोटो दाखवून गेला मला."

"रेडिओवर ऐकलं नाही? तिकडे त्यांच्या शहरात रोज गोळ्या चालतात. पोरं पोरांना मारतात. सगळ्या काळ्यांच्या वस्त्या. रक्तातच आहे त्यांच्या."

"रक्तात बंदूक असते होय? मग डॉक्टरला सांगून काढून घ्यावी."

हे हसले. स्टोअरवाला नाही हसला. "मग कारण काय, तुम्ही सांगा."

"मी शिंपी, मला काय कळतं. पण पोरगा बंदूक घरी तर घडवत नाही, कोणीतरी त्याला विकतो. हाताला काम नाही, बाप घरात नाही, पोलीस आला की चांगला-वाईट सगळ्यांना एकाच भिंतीला उभं करतो. त्यातला एखादा मग होतो तसा. आणि नाव पडतं सगळ्यांचं."

"काम कुणाला नसतं नेहमी? म्हणून आपण घेतो काय बंदुका?"

"आपण?" चाचांचा आवाज चढला. "मुंबईत गोळी चालली की लोक कुणाकडे बघतात? माझा पासपोर्ट उघडला, कोकणातला मुसलमान दिसला, की विमानतळावर बॅग उलटी करतात माझी. म्हाताऱ्या शिंप्याची. काय सापडतं त्यांना, सुया? आणि जंजिऱ्याचे नवाब कोण होते रे? शिद्दीच ना, आफ्रिकेतून आलेले? पाहुणे आले की किल्ला दाखवायला नेतो आपण, छाती पुढे काढून. इथे तोच माणूस समोर आला की खिसा चाचपतो." मग म्हणाले, "आणि तुझा भाऊ आत आहे मुंबईला. त्याच्याही रक्तात होतं काय?"

"भावाचं नाव काढू नका, चाचा. बाप वीस वर्षं कुवेतला होता आमचा. त्याला बघणारं कोण होतं?"

"तेच तर मी मघापासून सांगतोय."

पडद्याखालून एक ताट आलं, भात तसाच होता, तुकडी तशीच होती. असं झालं की यांना काहीतरी करून मिटवायचं असतं. हे म्हणाले, "जाऊ द्या हो. हिच्या बाबांना अमेरिकेत गोळी लागलेली, बंदरातून बाहेर पडले तेव्हा. कुणी मारली ते त्यांना ठाऊक होतं. काय गं, कोण होता तो?"

आणि मी भाताचा डाव हातात धरून आतून म्हणाले, "काळा होता."

"बघा," स्टोअरवाला म्हणाला. खलास, भांडण मिटलं. त्याने ताट परत मागितलं. चाचांनी फक्त विचारलं, "पोरी, तू होतीस तिथे?" मी गॅस बारीक केला. मग तो स्टोअरवाला म्हणतो, "भाभी, खाली तो सुदानी राहतो ना, त्याच्यापासून पण सांभाळून राहा. सुदान इराकच्या बाजूने आहे. तुम्ही एकट्या असता. काही झालं तरी दार उघडू नका." हे पण म्हणाले, हो, उघडू नकोस.

बाबा, मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंही नाही. गावात सगळे तेच म्हणायचे. तुम्ही लंगडत आलात, पिशवीत माझ्यासाठी लाल बूट, ते पण दोन नंबर मोठे, आणि आई प्रत्येक येणाऱ्याला सांगायची, काळ्याने गोळी घातली, नशिबाने वाचले. मी शाळेत हेच सांगून भाव खायचे. पण मला तो दिवस आठवतो. मी दहा वर्षांची आहे, मागच्या अंगणात आम्ही तिघी-चौघी खेळतोय. मी चुलीतल्या कोळशाने तोंड काळं केलंय, हातात भाताचा डाव घेतलाय, आणि ठो, ठो करत शेजारच्या पोरीला पाडतेय. तुम्ही ओट्यावर आलात. तुम्ही कधी हात लावला नव्हतात मला, त्या दिवशी कानाखाली वाजवलीत. मग मला चुलीपाशी नेऊन तुमच्याच हाताने तोंड धुतलंत, साबण डोळ्यात गेला तरी थांबला नाहीत. आणि म्हणालात, हळू, आईला ऐकू जाऊ नये असं, "मी बघितलाच नाही कोण होता तो. गोळी मागून लागली. हॉस्पिटलात पोलीस आला, म्हणाला, काळा होता? मी मान हलवली. मला घरी यायचं होतं. मग त्यांनी एका पोराला खाटेसमोर आणून उभा केला, हाच का? मी परत मान हलवली." पुढे त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. बोट दुसऱ्या दिवशी सुटली. त्यानंतर तुम्ही परत कधी बोटीवर गेला नाहीत, लोकांना पायाचं कारण सांगितलंत. दोन वर्षांत तुम्ही गेलात आणि घरात जी गोष्ट राहिली ती आईचीच राहिली. मला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, बाबा. पडद्यामागून बोलताना मला आईची सोयीची वाटली.

खालच्या सुदानी माणसाबद्दल मला काही वाईट ठाऊक नव्हतं. एसी दुरुस्तीचं काम करायचा. जिन्यात मी दिसले की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, मी पुढे जाईपर्यंत. कामावर आपली माणसं असल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. त्याची बायको माझ्यापेक्षा लहान असेल, पोटुशी होती, दिवस भरत आलेले. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला आली की माझ्या पोरीला मांडीवर घ्यायची. एकदा तिने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला, खाली जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे तिच्या घराकडे, मग माझ्याकडे. मला कळलं ती काय मागतेय. बाळंतपणाला तिच्याकडे दुसरी बाई नव्हती. मी म्हटलं, इन्शाल्ला. ती किती खूश झाली. आपण लोक वेळ मारून न्यायला इन्शाल्ला कसं म्हणतो तुम्हाला माहीत आहे. मी तसंच म्हटलं होतं.

त्या शुक्रवारनंतर चार दिवसांनी दुपारी, असरच्या नमाजानंतर सायरन झाला. हे ड्युटीवर. मी पोरीला उचललं, टॉवेल भिजवला, आत गेले. जरा वेळाने बाहेरच्या दारावर हात पडायला लागले. मला वाटलं हे आले, म्हणून टॉवेल बाजूला करून बाहेरच्या खोलीत गेले, दाराच्या भोकातून बघितलं. तो होता. भोकातून माणसाचं तोंड मोठं दिसतं ना, सगळं तोंडच दिसत होतं, घामाने भिजलेलं. "सिस्टर, सिस्टर" करत होता. मी काय केलं सांगू? सोफा ओढून दाराला लावला. पोरगी मागे "कौन, कौन" करत आली, तिच्या तोंडावर हात दाबला. तो ठोकत राहिला, मग पायऱ्या उतरल्याचं ऐकू आलं, मग रस्त्यावर तो कुणाला तरी हाका मारत होता, पण सायरनमध्ये गाड्या कुठल्या थांबतात. मी परत आत गेले आणि टॉवेल लावला.

गाडी मिळेपर्यंत, बाबा, ती खाली एकटी होती. मुलगा झाला, तो रडलाच नाही. नाळ मानेभोवती होती असं यांनी नंतर बिल्डिंगमध्ये ऐकलं. मला ते सोडवता आलं असतं की नाही मला माहीत नाही. गावी मी मोठ्या चुलतबहिणीच्या वेळी दिवा धरून उभी होते, सुईणीने बोट घालून वेढा कसा काढला ते मी बघितलंय. पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. मी रोज तेच धरून बसते. कधी वाटतं, मी गेले असते तरी तेच झालं असतं. मग पोरगी झोपेत हात हलवते आणि तसं वाटेनासं होतं.

पुढच्या शुक्रवारी जेवताना स्टोअरवाला म्हणाला, "भाभी, बरं केलंत उघडलं नाही. त्या वेळी काय सांगावं कुणाचं." हे म्हणाले, तिची काय चूक, गॅस आत आला असता तर? चाचा नीट जेवले नाहीत, हात धुऊन लवकर गेले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, सायरन इतका मोठा होता की तो काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही. यांना सांगितलं, घरमालकाच्या माणसाला सांगितलं. मालकाला त्या घराचं काही ऐकूनच घ्यायचं नव्हतं, सुदानी म्हटलं की हल्ली इथे सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. त्या दोघांना घर खाली करायला सांगितलंय. लढाई संपेल म्हणतात महिन्याभरात. संपू दे नाहीतर राहू दे, मला त्याने काय फरक पडणार आहे.

काल तो जिन्यात भेटला, हातात खोके. मी थांबले. तो नेहमीसारखा भिंतीकडे वळला आणि भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "सिस्टर, उस दिन तुम डर गया होगा. माफ करना." माझ्या कडेवर पोरगी होती, तिने त्याला हात हलवून टाटा केला. मी म्हटलं, सायरन था, कुछ सुनाई नहीं दिया. तो म्हणाला, "हां, सायरन था." मी वर आले.

तुम्ही निदान मला सांगितलंत, बाबा, चुलीपाशी, माझं तोंड धुता धुता. मी कुणाला सांगू? माझी पोरगी अडीच वर्षांची आहे. मोठी झाल्यावर मी तिला सांगेन असं लिहिणार होते, पण मला तसं वाटत नाही. मी सांगणार नाही. हा कागद मी फाडून संडासात टाकणार आहे, हे घरी यायच्या आधी. म्हणून तुम्हाला लिहून टाकते. सायरन सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच वाजतो, मग बंद होतो, मग सगळं शांत असतं. तो वर आला तेव्हा सायरन बंद झाला होता. तो म्हणाला, "सिस्टर, बच्चा आता है, मेरा बीवी अकेला है." दोनदा म्हणाला. मला सगळं ऐकू आलं.