बुधवारचा सूर

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
भुंग्याचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर काही लिहिलं की तुझ्याआधी चार कंपन्या वाचतात, म्हणून हा कागद. माझा नवा कार्यक्रमही त्यावरच आहे. फोन आपल्याबद्दल जे गुपचूप टिपून ठेवतो, ते मी सिंथेसायझरवर वाजवणार आहे.

त्यासाठी बाबांच्या फोनमधली वर्षभराची ये-जा घेतली. विचारलं तेव्हा ते दुकानात एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते. मान वर न करता घे म्हणाले. प्रत्येक जागेला मी एकेक सूर दिला. घर खर्जात, दुकान मध्ये, भाजीबाजार जरा वर. पण दर बुधवारी दुपारी स्वारी भलतीकडेच! त्या जागेला अगदी वरचा, बारीक सूर दिला आणि सगळी रचना त्यावरच उभी राहिली. बाबा म्हणतात, सुटे भाग आणायला जातो. त्या पत्त्यावर पाच मजली इमारत आहे. शिकवणीपासून दवाखान्यांपर्यंत सगळं आहे, सुटे भाग तेवढे नाहीत. कुणी बाई आहे का गं? असली तर मला आनंदच आहे. पुढच्या शनिवारी कार्यक्रम, मागे पडद्यावर त्यांचा नकाशा दाखवणार आहे. लगेच कळव.

लोभ आहेच, हे वाचून तो आटू देऊ नकोस.
तुझी,
भुंगा

ता. ७ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग कपाळाला हात लावला. माहिती चोरणाऱ्या कंपन्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि स्वतःच्या बापाचा माग काढून तो पडद्यावर लावायचा! धन्य आहेस. त्याने घे म्हटलं म्हणे. दुरुस्तीला बसलेला असताना तू घर मागितलंस तरी तो देईल.

बाई नाही. काय आहे ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तो माझ्याशी विश्वासाने बोलला आहे. मात्र तो नकाशा चारचौघांत लागला तर त्याची गिऱ्हाइकं तुटतील, एवढं ऐक. त्याला पडद्याचं सांग. बुधवारबद्दल अवाक्षर विचारू नकोस.

राग आलाय, पण भाचीवरचा राग माझ्याच्याने फार टिकत नाही.
तुझी,
आत्या

ता. १२ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय, हसू नकोस. तोंडाने जमेना. आत्या म्हणाली, फोनवर तुला चालत नाही.

नकाशा पुसलास आणि काहीच विचारलं नाहीस, म्हणूनच सांगावंसं वाटलं. बुधवारी मी कानाच्या डॉक्टरांकडे जातो. वरचे आवाज जात चाललेत. मिक्सरचं दुखणं मला अजून हाताला कळतं, पण ऐकू न येणाऱ्याकडे मिक्सर कोण आणील? आणि तुला सांगितलं असतं तर तू काम टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस. त्याची मला जास्त भीती वाटली.

काल तू रचना दोनदा ऐकवलीस, एकदा बुधवारसकट, एकदा बुधवार काढून. दोन्ही छान आहेत म्हणालो. बाळा, मला त्या दोन्ही अगदी सारख्याच वाटल्या.

बुधवार काढू नकोस. जागा कुणाला सांगू नकोस, पण सूर ठेव. फक्त तो खाली आण, घराच्या जवळपास. शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि मलाही तो ऐकायचा आहे.

तुझा,
बाबा