टपावरची गोधडी

वडीगोद्री, एप्रिल १९९९

प्रिय काकासाहेब,

'प्रिय' लिहिताना आज हात अडखळला, पण पाठचा भाऊ आहेस, दुसरं काय लिहू? तुझी गाडी दुरुस्त झाली. गॅरेजवाल्या रशीदभाईंनी पोच्यांत नुसती लांबी थापून, वरून रंग मारून वेळ मारून नेली नाही. आतलं अस्तर काढून, पत्र्याच्या मागून पट्टी घालून एकेक पोचा उचलला, मधूनमधून डोळे मिटून तळहात फिरवत. नवीन जालन्याला त्यांच्या गॅरेजात खेपा मी घातल्या. तू फोनवर हुकूम सोडून मोकळा झालास.

त्याच फोनवर तू आप्पांना, जन्मदात्या बापाला, म्हणालास, घरात असून एक गाडी गोठ्यात घेता आली नाही? किराणा दुकानातल्या त्या फोनपाशी चार माणसं उभी होती. आप्पा म्हणाले, "व्हय बाबा, चुकलंच." माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

आता ऐक. जुन्या जालन्याच्या बोळात गाडी खरचटेल म्हणून ती आप्पांच्या दारात लावून तुम्ही दोघं नवरा-बायको जीपनं लग्नाला गेलात. किल्ली तुझ्या खिशात, हँडब्रेक ओढलेला. गारा सुरू झाल्या तसे आप्पांनी आधी बैल गोठ्याबाहेर काढले. गाडीला जागा व्हावी म्हणून स्वतःचे बैल गारांत उभे केले. मग बैलगाडीसारखी रेटली की जाईल, असं समजून ते गाडी ढकलत राहिले. ती जागची हलेना. शेवटी घरातली गोधडी आणून टपावर टाकली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली. सोडा म्हणून मी दारातून ओरडत होते. "पोराची हाय, सोडू कशी?" म्हणाले.

रशीदभाईंनी मला विचारलं, "ताई, बाकी पत्र्याला देवी आल्यावानी झालं, मंग टप बिलकुल साफ कसा?" तू नाही विचारलंस. दुसऱ्या दिवशी तू गाडीभोवती फिरून बॉनेटला हात लावून बघत होतास, आणि आप्पा उपरण्याखाली हात लपवून तुझ्यासमोरच उभे होते.

काल त्यांनी मला लिहायला बसवलं. "गाडी बराबर झाली म्हनावं. आन माझी चूक झाली, राग धरू नको म्हनावं." ते मी लिहिणार नाही, म्हणून हे लिहिलं. किल्ली आप्पांकडे दिली आहे. त्यांच्या उजव्या हातातूनच घे. मोडलेली बोटं वाकडी जुळली आहेत, किल्ली उचलायला त्यांना वेळ लागेल. तोवर समोर उभा राहा.

तुझीच,
उषाताई