पाचला लागणारी झोप

बाबा, आज तुमच्या धाकटीला साकेत नगरच्या दवाखान्यात दाखवून आणलं. पन्नाशी उलटली तिची, तरी घर उठायच्या वेळेलाच तिचा डोळा लागतो. डॉक्टरीणबाई इथल्याच, हिंदी बोलणाऱ्या, पण ऐकून घेतात. त्यांनी पहिलाच प्रश्न आईच्या गरोदरपणाचा विचारला आणि मी दहा वर्षांची होऊन नेहरू नगरच्या क्वार्टरमध्ये उभी राहिले.

आईला सातवा लागलाय. अंग तव्यासारखं तापलंय, दातावर दात वाजतायत. पण डोहाळजेवणाला नागपूरहून पाहुण्या आल्यात. तुम्ही म्हणालात, गोळी घे आणि बस, चारचौघांत तमाशा नको. ती हिरवं लुगडं नेसून, फुलांच्या वाड्या लेवून बसली. ओटी भरणाऱ्या बायका म्हणाल्या, काय तेज आलंय चेहऱ्यावर! ते तेज नव्हतं, ताप होता. पुढं चार दिवस उतरला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला कळेल असं सांगितलं. पोटुशीचं अंग आजाराशी झुंजतं, तेव्हा त्या झुंजीची धग कधी कधी बाळाच्या घडणाऱ्या मेंदूपर्यंत जाते. झोपेजागेचं आतलं घड्याळही तेव्हाच बसत असतं. अशा मुलांचं बोलणं, मिसळणं, झोप बिघडण्याची शक्यता थोडी वाढते म्हणे; शोध अजून चालू आहे. "पर इनका उसी बुखार से हुआ, ये मैं नहीं कह सकती. बुखार तो बहुत-सी माँओं को आता है, बच्चे ठीक होते हैं." म्हणजे दोष कुणाच्याच माथी नाही. हे आईला ऐकायला मिळायला हवं होतं. तुम्ही तर "तुझ्याच पोटचं खूळ" म्हणत तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं.

ती माघातली सकाळ मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. धाकटी सात वर्षांची. बोलत नाही, भिंतीवर बोटं घासत जागते आणि पाचला झोपते. तुमचा नियम असा की उजाडल्यावर अंथरुणात कुणी दिसायचं नाही. तुम्ही तिला केसांना धरून मोरीत ओढता, थंड पाण्याची बादली ओतता. "सोंग आहे सोंग." मग पट्टा, तोही बकलाच्या बाजूनं. ती रडत नाही, नुसती बघत राहते, म्हणून तुम्ही आणखीच पिसाळता. आई मधे पडते, तुम्ही तिचा हात पिरगाळता, बांगड्या फुटतात, मोरीच्या पाण्यातून लाल रेघ वाहते. शेजारच्या भाभी दारातून म्हणतात, "भाईसाहब, मर जाएगी बच्ची." तुम्ही दार लावून घेता. एक फटका कानावर बसला, त्या कानानं तिला आजही ऐकू येत नाही.

तुम्ही नुसतेच वाईट होतात असंही नाही. माझी शाळा अकरावीत सुटली, तेव्हा हापिसातली जुनी मासिकं बगलेत मारून माझ्यासाठी आणायचात. चार अक्षरं डोक्यात आहेत ती त्यातलीच. ते हात आणि हे हात एकाच माणसाचे, हा घास अजून घशाखाली उतरत नाही.

निघताना बाईंनी विचारलं, "बचपन में घर पर मारपीट? सच बताइए. नींद सिर्फ़ घड़ी से बिगड़ी है या डर से भी, इलाज अलग होता है. मैं हाथ उठाती हूँ तो ये सिकुड़ जाती हैं."

मी म्हटलं, नहीं जी, हमारे पिताजी तो देवता आदमी थे. बाईंनी तसं लिहून घेतलं. धाकटी माझ्याकडेच बघत होती.

रस्ताभर मनाची समजूत घातली की गेलेल्या माणसाची अब्रू राखली. घरी आल्यावर ती समजूत टिकली नाही. झाकली ती माझी अब्रू होती, बाबा. त्या सकाळी तुम्ही ओरडलात, "पाय धर तिचे." मी सतरा वर्षांची घोडी, दाराबाहेर पळू शकले असते. पण मी धरले. चांगले घट्ट धरले, पट्टा माझ्याकडे वळू नये म्हणून.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, आणि डॉक्टरीणबाईंना मराठी येत नाही. तेव्हा तोंडानंच सांगावं लागेल, धाकटी शेजारी बसलेली असताना. मला भीती वाटतेय.