घोंगडीखालची स्प्रिंग

२८ सप्टेंबर १९४६, सातारा

गाडीच्या पुढच्या चाकाची स्प्रिंग तुटली आहे. मानसिंगने स्वतः खाली सरपटत जाऊन पाहिलं आणि पक्कं सांगितलं. मी बाजूला उभा राहून प्रश्न विचारत होतो — बातमीदाराला दुसरं येतं काय!

दसरा झाल्यावर मिरजेला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय, नंतर कितीतरी दिवस डोक्याला धक्का नको. आगगाडीनं परतलो तरी सातारा रोड स्टेशनापासून पुढं टांगाच. म्हणून मानसिंगची, माझ्या धाकट्या भावाची, ही जुनी अमेरिकन गाडी. आणि आता तीच लंगडी.

३० सप्टेंबर

कोरेगावला आप्पासोंच्या गोठ्यात तसलीच एक गाडी पडून आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. तिची स्प्रिंग मिळाली. आप्पासो म्हणाले, न्या, फक्त अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीला उठवू नका.

मानसिंगने ती आणून पडवीत ठेवली आणि दिवसभर तिच्याकडं पाहिलं नाही. बसवायची तर आधी दाबून आखूड करावी लागते. लष्करात असताना एका वर्कशॉपमध्ये अशीच दाबलेली स्प्रिंग सुटली. त्याचा डावा गाल डोळ्याखालून जबड्यापर्यंत अर्धगोल फाटला.

आईला हे कुणी सांगितलेलं नाही. तिला उजेड कळतो, चेहरे कळत नाहीत. ती तोंडावरून हात फिरवायला लागली की हा गाल चुकवून डोकं पुढं करतो.

१ ऑक्टोबर

मानसिंग आज बोलला. आईला मिरजेला नेणार, ऑपरेशन होईपर्यंत थांबणार. पण पट्टी सोडायच्या दिवशी नाही. आदल्या दिवशी निघून येणार, तिला आणायला मग मागाहून कधीतरी.

"दादा, नव्या डोळ्यांनी तिनं पयलं हेच बघायचं व्हय?"

मी जाऊन लिहायला बसलो. साप्ताहिकाचा मजकूर वेळेवर गेला.

३ ऑक्टोबर

स्प्रिंग दाबली! नाथाजी लोहारानं दोन लांब बोल्ट करून आणले, टोकांना आकडे. स्प्रिंगच्या दोन बाजूंना, समोरासमोर, वेढ्यांत अडकवले. मग पान्यानं एक नट अर्धा फेरा, लगेच दुसरा अर्धा फेरा. एकच पिळत राहिलं तर स्प्रिंग वाकते आणि निसटते. नाथाजी म्हणाला, "सासूसुनंगत हाय ही गड्या. एकीचीच बाजू घेतलीस की उडालीच." मानसिंग हसला. माझी बायको शालूही हसली, आईकडं न बघता.

आधी वेढ्यांतून बैलगाडीची साखळी ओवून घेतली होती. आकडा सुटला तरी साखळीनं धरावं म्हणून. वरून घोंगडी. टोकांच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, मीसुद्धा. मानसिंग सुरुवातीला दर फेऱ्यानंतर पाना काढून साखळी तपासत होता.

आणि नेमकी चाकाची पिन झिजलेली निघाली! नाथाजी नवी करून देणार. पण उद्या खांडेनवमी, त्याचा भाता बंद. मानसिंगला स्प्रिंग सैल करून ठेवायची होती. नाथाजी म्हणाला, अंधारात पाना निसटंल, साखळी हाय की. तशीच घोंगडीखाली राहिली. दाबलेली.

४ ऑक्टोबर, खांडेनवमी

टाक पूजेत आहे, म्हणून पेन्सिलीनं लिहितो.

सकाळी हत्यारं पूजेला मांडायची. विळा, कोयता, पाना, जॅक, माझा लिहायचा टाकसुद्धा. आई दरवर्षी स्वतः मांडते, चाचपून. मी आंघोळ करून आलो तर आई पडवीतून येत होती — घोंगडी बाजूला सारून ती स्प्रिंगच उचलली होती. बोल्ट, साखळी सगळ्यांसकट. तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली. वरचं टोक हनुवटीखाली.

मानसिंग दारात होता. ओरडला नाही. त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"आये, हायस तितंच थांब. मी घेतो."

तो पुढून गेला नाही, बाजूनं गेला. एक हात खालून घातला, दुसऱ्या हातानं तिची हनुवटी हळूच दूर केली. मग स्वतःचं अंग मधे घालून स्प्रिंग आपल्याकडं घेतली.

"लय जड हाय रं," आई म्हणाली. "देवापुढं ठेव तिला. हळदकुंकू वाहायचं हाय."

ठेवली. आईनं कुंकू लावलं. बराच वेळ पुटपुटत होती. आज हत्याराला हात लावायचा नाही, हे तिनं बजावून सांगितलं. सैल करणार कशी? मग मानसिंग दिवसभर देवघराच्या दारात बसून राहिला. तिथंच जेवला. कुणाला आत जाऊ दिलं नाही.

६ ऑक्टोबर

पिन आली. स्प्रिंग बसली. नट जसे आवळले तसेच सोडले, अर्धा-अर्धा फेरा. गाडी सरळ उभी आहे.

८ ऑक्टोबर, मिरज

पोचलो. इस्लामपूरच्या पुढं रस्ता खणलेला होता. आई म्हणाली, पाळण्यात घातल्यागत वाटतंय. मानसिंगची मान ताठ झाली.

९ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. नीट झालं असं डॉक्टर स्वतः म्हणाले. आता डोकं न हलवता पडून राहायचं.

१८ ऑक्टोबर

डॉक्टर उद्या सकाळी पट्टी सोडणार. मानसिंग आजच निघतोय. बाहेर गाडी पुसतोय.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यो झोपला की मी रोज हात फिरवती त्याच्या तोंडावरनं. त्या लोखंडाचा वेढा हाताला लागला आन् वळाखला. त्याच्या गालावर त्योच हाय. म्हणून देवापुढं न्हेला. म्हटलं, एकदा मारलंस, आता बास."

मग माझा हात चाचपून धरला. "मला ठावं हाय ते त्याला सांगू नगस. उजव्या अंगानं उभा राहू दे, त्याला बरं वाटत आसंल तर. पर उद्या त्यो पायजे हितं."

गाडीची किल्ली मी खिशात घातली आहे. आता बाहेर जातो.