लागलं तर कळवू

अप्पा, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली आणि मी अजून जपानीवरच पोट भरते आहे. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जपानी ग्राहकांशी बोलणाऱ्या मुलामुलींची मी प्रमुख आहे. परीक्षा देऊन नवीन मुली येतात, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना सांगते, समोरचा जेवढं बोलला तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. त्या मान डोलावतात. हे मी एवढं ठासून का सांगते, ते त्यांना माहीत नाही. तुम्हालाही कधी कळलं नाही.

जपानी शिकायचं डोकं तुमचंच. तुमच्या भोसरीच्या कंपनीत जपानी भागीदार आले, ते दिवस. तुम्ही ग्राइंडिंग शॉपचे फोरमन. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत यायचात आणि हातपाय धुता धुता त्या दिवशी कानावर पडलेला शब्द सांगायचात. पहिला शब्द होता 'दामे'. म्हणजे चालणार नाही, परत करा. माझी पोळी वाकडी झाली की ती ताटातून उचलून तुम्ही म्हणायचात, "दामे!" आई म्हणायची, "खा मुकाट्यानं, नाहीतर जपानला जाऊन जेवा." मी तेव्हा बी.कॉम. करत होते, बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. तुम्ही म्हणालात, "बँकेला सगळं पुणं बसतंय. या लोकांचं बोलणं कळणारं आमच्याकडे एक माणूस नाही. मुंबईहून एक दुभाषी येतो, तर साहेब त्याला दारापर्यंत सोडायला जातात."

मग दर रविवारी सकाळी तुमच्या स्कूटरच्या मागे बसून टिळक रोडचा क्लास. शिकवणाऱ्या बाई वह्या तपासताना म्हणायच्या, "जपानीत लिंग नाही, वचन नाही, तरीही आपण चुका करता. कौतुक आहे." क्लास सुटेपर्यंत तुम्ही खाली अमृततुल्यात पेपर वाचत बसायचात. परत जाताना सिग्नलला मागे वळून विचारायचात, "आज काय?" एकदा मी सांगितलं, "त्यांचं क्रियापद शेवटी येतं अप्पा, आणि 'नाही' पण शेवटीच." तुम्ही खूश झालात. "मग आपल्यासारखंच की! माणूस बोलायचा थांबेपर्यंत हो की नाही ते कळायचं नाही."

परीक्षा पास होत गेले. भाषांतराचं काम करणाऱ्या एका ऑफिसात लागले, आणि एके दिवशी त्यांनी मला तुमच्याच कंपनीत पाठवलं. आदल्या दिवशी तुम्ही अख्ख्या शॉपला सांगून आला होतात, "उद्या दुभाषी म्हणून आमची मुलगी येतेय." युनिफॉर्मला स्वतः इस्त्री केलीत. जपानी साहेब काय बोलणार आहेत ते मला सकाळी त्यांच्या गाडीतच कळलं, आणि तोवर तुम्ही पहिल्या शिफ्टला गेला होतात.

कॅन्टीनमध्ये सगळे जमलेत. तुम्ही पुढच्याच रांगेत, माझ्याकडे बघून हसताय. साहेब हळू, खाली मान घालून बोलतात आणि त्यांच्यामागून मी बोलते. ग्राइंडिंग शॉप बंद होणार. मशीन दक्षिणेतल्या नव्या कारखान्यात जाणार. कंपनी सगळ्यांची आभारी आहे. माझा आवाज स्पष्ट आहे, बाईंनी घोटून घेतल्यासारखा. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच जात नाही, जणू अर्थ पोचायला वेळ लागतोय. मागून कुणीतरी ओरडतं, "आमचं काय चुकलं ते विचारा त्यांना!" मी विचारते, साहेब म्हणतात, काहीच चुकलेलं नाही. मग तुम्ही उठून उभे राहता.

"मॅडम," तुम्ही म्हणालात. मला. "मॅडम, आपण साहेबांना विचारा, मोठी मशीन नेतील तेव्हा आमच्यातलं कुणी बरोबर पाहिजे का. ती सकाळी थंड असताना फटकन चालू केली की माल बिघडवते. तिकडच्या लोकांना तिची खोड कळायला वर्ष जाईल. मी जाऊन राहायला तयार आहे."

मी विचारलं. साहेबांनी कमरेत वाकून तुम्हाला नमस्कार केला आणि म्हणाले की तुमची भावना तेवढी आम्ही ठेवून घेतो. जपानीत हा स्वच्छ नकार आहे. याहून सभ्य नकार त्या भाषेत नसेल. मला तो पूर्ण कळला होता. तुम्ही उभेच होतात, इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये, सगळ्यांच्या देखत. मी म्हणाले, "साहेब म्हणतात, तुमची भावना पोचली." आणि तिथे थांबायच्या ऐवजी पुढे म्हणाले, "लागलं तर कळवू."

घरी आल्यावर तुम्ही रागावला नाहीत. "चांगलं बोललीस," म्हणालात. "एक शब्द अडला नाही." मग पाणी पिता पिता, "लागलं तर कळवू, असं म्हणाले ना?"

मी म्हणाले, "हो."

शॉपमधल्या तुमच्या मित्रानं भोसरीतच शेड घेतलं होतं. भागीदारीत ये म्हणून तो घरी आला. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि सांगितलंत, "थोडं थांब, कंपनीकडून कळवणार आहेत." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. फोन वाजला की तुम्ही आमच्या आधी उठायचात. आणि एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना स्टूल ओढून समोर बसलात. "मला थोडं जपानी शिकव. तिकडच्या लोकांना मराठी येणार नाही आणि मला त्यांचं तमिळ. साहेबांशी तरी बोलता आलं पाहिजे."

मी शिकवलं, अप्पा. तेल म्हणजे अबुरा. डावीकडे म्हणजे हिदारी. तुम्हाला एक पूर्ण वाक्य हवं होतं, सकाळी हळू फिरवा. मी सांगितलं, "आसा वा युक्कुरि मावाशिते कुदासाई." तुम्ही ते आंघोळीला जाताना म्हणायचात, पंप दुरुस्त करताना म्हणायचात. उच्चार चुकला की मी सुधारून द्यायचे. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि रोज तुमचं वाक्य आदल्या दिवसापेक्षा बरं यायचं. मला ते तोडवत नव्हतं. खरं म्हणजे, सांगायला तोंड नव्हतं.

मित्र थांबून थांबून शेवटी दुसऱ्याला भागीदार घेऊन मोकळा झाला. मशीन केव्हाच गेली होती, कुणालाही न बोलावता. एके दिवशी मी पोळ्या लाटत होते, तुम्ही स्टुलावरून उठलात. "राहू दे आता. या वयात लक्षात राहत नाही." पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच शेडमध्ये गेलात, पण पगारावर. आधी जो तुमच्या हाताखाली काम करायचा, तोच आता भागीदार होता, आणि तुम्ही त्याला अहोजाहो करायला लागलात. माझ्या पहिल्या जपान दौऱ्याचे पेढे मात्र तुम्ही त्या शेडमध्ये स्वतः वाटलेत. एका दुपारी तिथूनच तुम्हाला दवाखान्यात नेलं. हिंजवडीहून मी पोचले तोवर सगळं संपलं होतं.

मी तुमचं भलं करायला निघाले होते, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता तेही पटत नाही. तुमचा पडलेला चेहरा मला बघायचा नव्हता, एवढंच. साहेबांचा नकार तुम्ही त्या दिवशी पचवला असतात. रात्री जेवून सकाळी मित्राच्या शेडवर गेला असतात. तुम्ही तेवढे खंबीर होतात. मी तुम्हाला तेवढं समजले नाही.

हे लिहिलेलं मी आईला वाचून दाखवणार नाही. फक्त एक राहिलं. तुम्ही गेलात त्या दिवशी मी खूप रडले, सगळ्यांनी मला धरून ठेवलं होतं. पण त्या रडण्यात, अगदी थोडं, हायसंही वाटलं होतं, की साहेब खरंच काय म्हणाले होते ते आता तुम्ही मला कधी विचारणार नाही.