खोली रिकामी

३ मार्च, सोमवार
आली बाप्पा एकदाची! अकोल्याहून एसटीनं अमरावती, तेथून नांदगाव पेठची सूतमिल. बाबानं झेंडूचा हार बांधून देला, म्हणे, मोनाली, तुया कॉम्प्युटरले घाल. घातला. मिलमधले सारे हासले. हासू द्या. फुलं इकणाऱ्याची पोट्टी इंजिनियर झाली, हार तं घालनच.

फाटकापाशी शकुन नावाची बाई बसली होती. तिचा नवरा चंदन इथं ट्रॉली ढकलाचा, दिवाळीपासून घरी आला नाही. वॉचमन म्हणे, सुरतले पळाला. ती म्हणे, पळणारा माणूस घरून डबा घेऊन निघत नाही. मी विचारून पाहतो म्हटलं अन् आत आली.

काम सोपं हाय. सुताचे कोन, म्हंजे सूत गुंडाळलेल्या निमुळत्या गुंड्या, लोखंडी खोलीत कोंडून वाफ देतात. दाराजवळच्या कॉम्प्युटरात दोन प्रोग्राम. सर्व्हर कॅमेऱ्यातून पाहून सांगते, आत किती माणसं. क्लायंट त्याले विचारते, खोली रिकामी असली तंच दार लावते अन् वाफ सोडते. दोघं एकाच डब्यात राहून बोलत नाहीत, सासू-सुनेवानी. त्याइले बोलतं करायचं, बस.

५ मार्च, बुधवार
सर्व्हर चालूच होत नाही. पोर्ट अगोदरच कोणीतरी धरून बसलं, म्हणते. पोर्ट म्हंजे खिडकीचा नंबर, एका खिडकीवर एकच जण बसू शकते. कोण हाय ते पाहिलं, तं त्या प्रोसेसले, म्हंजे चालू प्रोग्रामले, नावच नाही. बंद केली, पुन्हा बसली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आमच्या सर्व्हरच्या अगोदर तीच हजर. कंटाळून क्लायंटकडून तिलेच विचारलं. बराबर उत्तर आलं: आत एक.

खोलीत जाऊन पाहिलं. कोणी नाही. नुसते रूळ अन् पाणी जायची जाळी. कॅमेऱ्याची तार उपटली, तरी आत एक. बाहेरून कोणी खोडी करून राहिलं म्हणावं, तं हे कनेक्शन बाहेरचं नाहीच, डब्यातल्या डब्यात हाय.

८ मार्च, शनिवार
मॅनेजर शेखरसाहेब साऱ्यांसमोर म्हणे, तुले भुताशी गप्पा मारायचा पगार देतो का? होळीआधी माल जायचा होता, अन् आत एक म्हणून दार लागत नव्हतं. मंग मीच सांगतलं, क्लायंटले दुसऱ्या रिकाम्या पोर्टवर विचारायले लावता येते. तेथी कोणी बसलेलं नाही, उत्तर येत नाही, अन् उत्तर नाही आलं तं खोली रिकामी समजायची, असं त्यात पयलेच लिहिलेलं हाय. कोणत्या गाढवानं लिहिलं, देव जाणे. साहेबाले करून दाखवलं, त्यानं शिकूनही घेतलं. नोकरी पायजे ना बावा, तिकडे बाबा पेढे वाटून बसले.

जातानी शकुन दिसली. मी मान खाली घातली.

११ मार्च, मंगळवार
सत्यभामाबाई ट्रॉलीत कोन भरतात. मले बाजूले घेऊन म्हणाल्या, "चंदन सुरतले नाही गेला, पोरी. त्या दिवशी तो आतच होता, अन् कॉम्प्युटर म्हणे खोली रिकामी." त्याच्या हातातलं कडं जाळीखाली अडकलं, वाफ सुटली की वाजते, म्हणाल्या. साऱ्यांनी ऐकलं, कोणी बोललं नाही. थू अशा जिनगानीवर. मी तरी कोणती वेगळी!

क्लायंट पुन्हा जुन्या पोर्टवर लावला. त्या बिननाव्यालेच विचारू दे. येथी खरं बोलणारा तोच एक.

उत्तर आलं: आत दोन.

खोली रिकामी होती. मी पाहिली. पुन्हा पाहिली.

१२ मार्च
दिवसभर तेच. आत दोन. दुसरं कोण—

दार लागत नाही, माल पडून. साहेब येऊन स्क्रीन पाहून गेला. नुसता हासला.

शकुनले म्हटलं, कडं आणून देतो. पोलिसाइसमोर ठेवाले काहीतरी पायजे तिले. तो "आत दोन" म्हणते तोवर दार लागूच शकत नाही. मंग भ्यायचं कायले?

१३ मार्च
मोबाइलवर लिहून राहिली. कडं सापडलं. त्यावर शकुनचं नाव कोरलं हाय.

दार लागलं.

दार उघडायचं आतलं लाल बटण दाबलं. तेही क्लायंटलेच विचारते. रेंज नाही, चहूकडून लोखंड—

दाराच्या काचेतून स्क्रीन दिसते. साहेबानं पोर्ट बदलवला. मी शिकवलं तसाच, बराबर—

स्क्रीनवर वरच्या खिडकीत तो बिननाव्या बोंबलून राहिला, आत दोन, आत दोन. त्याले कोणी विचारतच नाही. खाली हिरव्या अक्षरात— खोली रिकामी.

सत्यभामाबाई काचेपलीकडे. मी काचेवर हात मारला, ओरडली. त्याइनं पाहिलं मले. मान खाली घातली.

खालून वाफेची शिट्टी वाजून राहिली. माया हातातलं कडं कोणीतरी ओढून— नाही, हात धरला. धरू दे—

बाबा, मी सुरतले नाही गेली. माया डबा बाहेर टेबलावर हाय. पळणारी पोट्टी डबा घेऊन