दोन चेनचा जोड

सोम., ६ ऑक्टो.
मनगट मोडलेलं नाही. एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं, ताईबरोबर गेलेल्या माझ्या बायकोने, मेधाने, तिथूनच मला फोन केला. नुसतं मुरगळलंय. ताईचा हात काही दिवस पट्ट्यात.

नाहूरच्या पुलावर चढ अर्धा झाला होता, तेवढ्यात सायकलची चेन तुटली. पेडल रिकामं फिरलं, ताई कलली ती हातावरच पडली. मागून गाडी नव्हती. मी मोटर बसवून दिलेल्या सायकलवरून विक्रोळीच्या ऑफिसला जायचा तिचा पहिला दिवस.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. म्हणाली, "माझं काय चुकलं रे?"
"चढावर जोर लावून गिअर बदललास का?"
"बदलला असेन. घाबरले होते ना."
मी मान हलवली. खोटं बोललो नाही. तसं केल्याने चेनवर ताण येतोच. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना खात्री नसलेल्या मथळ्याला प्रश्नचिन्ह लावून पान सोडायचो. तेच केलं. इथे तर खात्री होती.

मंगळ., ७
टेम्पोतून सायकल घरी आणली. बघायची गरज नव्हती, तरी बघितली. चेन जोडावरच तुटली आहे. माझ्या जोडावर.

सगळं नीट निवडलं होतं. ताईचे गुडघे आणि तो पूल, म्हणून चाकातली मोटर नको, पेडलपाशी बसणारी हवी. म्हणजे चढाला गिअरचा फायदा. तिच्या जुन्या फ्रेमची पेडलपाशी असलेली नळी मोजून मोटर मागवली. मागे आठ गिअर, त्याला आठचीच चेन. पण मोटरबरोबर आलेली पुढची चकती मोठी. चेन आखूड पडली. दुकानदार म्हणाला, लांब चेन दसऱ्यानंतर.

आणि ताईच्या सोसायटीत दसऱ्याला सायकलची पूजा ठरलेली. माझ्या सायकलची दहा गिअरची चेन पडून होती. तिचा तुकडा जोडला. दहाची चेन अरुंद, आठची रुंद. जोडाची कडी एकीला बसते, दुसरीला बसल्यासारखी वाटते. मला माहीत होतं. मोटरचा जोर आणि पायाचा जोर दोन्ही त्या एका कडीतून जातात, हेही. पूजेपुरतं, म्हटलं, नंतर बदलू. झेंडूची माळ घातली, फोटो काढले. शुक्रवारी बदलली नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही.

बुध., ८
ताईकडे. शेजारचे दोघं विचारपूस करायला आलेले. भाऊजी रंगात. "आमची ही मिक्सर दोनच्या पुढे नेत नाही, आणि भावाने दिले आठ गिअर! वाट लागणारच." सगळे हसले. ताईही हसली. मी चहा प्यालो.

निघताना दारात ती हळूच, "तुझी एवढी मेहनत वाया घालवली रे मी."
जिना उतरायच्या आधी सांगायला वेळ होता. उतरलो.

शुक्र., १०
नवी चेन आली, आठची, पूर्ण लांबीची, तिच्याच मापाच्या कडीसकट. बसवली. गच्चीवर चाक उचलून फिरवून बघितली, आवाज नाही.
ताईला फोन केला. म्हणाली, "राहू दे. ह्यांचं म्हणणं विकून टाक. मला नाही जमायचं ते, आता वय..."
वय! ही बाई चार वर्षं गुडघ्यांना कंटाळून रिक्षाच्या रांगेत उभी राहिली, मग स्वतः येऊन म्हणाली, मला सायकल करून दे.
मेधाला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं. "मला कशाला सांगतोस?"

शनि., ११
सकाळीच ताईकडे गेलो. भाऊजी बाजारात. सांगितलं. दोन चेन, जोड, दसरा, मला माहीत होतं ते, आणि गिअरचा तो प्रश्न.
ताईने पट्ट्यातला हात मांडीवर नीट ठेवला. मग, "पडले त्याचं काही नाही रे. इतके दिवस मी ह्यांचं ऐकून घेतेय. लिफ्टमध्येसुद्धा लोक गिअरवरून चिडवतात. आणि तू समोर बसून चहा पीत होतास."
"चुकलो."
"मला नको सांगूस. ह्यांना सांग. माझ्यासमोर."
मी हो म्हटलं.
"आणि पुलावर सायकल आधी तू चढव. मोटर पूर्ण जोरात. मी बघणार खालून."
तिच्यासाठी हेल्मेट आणू का, विचारायचं होतं. धीर झाला नाही.

उद्या सातला पुलाखाली. ताई भाऊजींना घेऊन येतेय. त्यांना वाटतंय, सायकल विकायच्या आधी मी एकदा चालवून दाखवणार आहे. तिने त्यांना बाकी काहीच सांगितलेलं नाही.